कामाच्या ठिकाणी पाळीव प्राणी : लाभ, मर्यादा आणि संमतीचा प्रश्न

प्रस्तावना
पाळीव प्राणी हा व्यक्तीच्या खासगी जीवनाचा भाग आहे. कार्यालय मात्र अनेकांनी एकत्रितपणे वापरण्याचे स्थान आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांचे घर हेच कार्यालय झाले आणि त्यानंतर कार्यालयात परतताना प्राण्याला सोबत नेता यावे काय, हा प्रश्न नव्याने चर्चेत आला. प्रस्तुत लेखात या प्रथेचे लाभ व मर्यादा तपासून, ती स्वीकारावयाची झाल्यास कोणत्या अटींवर स्वीकारावी, याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी
अमेरिकेतील 'पेट सिटर्स इंटरनॅशनल' या संस्थेने १९९९ मध्ये 'टेक युवर डॉग टू वर्क डे' हा उपक्रम सुरू केला. कर्मचाऱ्याने आपला कुत्रा एक दिवस कामावर आणावा, अशी त्यामागील कल्पना होती. लंडनमध्ये १०, डाउनिंग स्ट्रीट येथे २०११ मध्ये लॅरी नावाचे मांजर आणण्यात आले, तर मुंबईतील 'बॉम्बे हाउस' या टाटा समूहाच्या मुख्यालयाच्या २०१८ मधील नूतनीकरणात भटक्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र जागा राखण्यात आली.
ही उदाहरणे वरवर सारखी वाटली तरी त्यांत मूलभूत भेद आहे. लंडन व मुंबई येथील प्राण्यांना संस्थेने आश्रय दिला. त्यामुळे त्यांच्या देखभालीचे उत्तरदायित्व संस्थेकडे जाते. कर्मचाऱ्याच्या खासगी प्राण्याबाबत हे उत्तरदायित्व गृहीत धरता येत नाही. ते नियमांनी निश्चित करावे लागते.

लाभ
या संदर्भात व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातील रँडॉल्फ बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. उत्तर कॅरोलायनातील एका कंपनीत कुत्रा सोबत आणणारे, कुत्रा असूनही न आणणारे आणि पाळीव प्राणी नसलेले अशा तीन गटांची त्यांनी तुलना केली. कुत्रा सोबत असलेल्यांना दिवसभरात जाणवणारा ताण इतरांच्या तुलनेने कमी राहिला. मात्र लाळेतील कॉर्टिसॉल या ताणदर्शक संप्रेरकाच्या प्रमाणात गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय ही कंपनी कुत्र्यांना पूर्वीपासूनच मुभा देणारी होती. त्यामुळे हे निष्कर्ष सर्व कार्यालयांना सरसकट लागू करणे योग्य ठरणार नाही.

मर्यादा
वरील अभ्यासात दिसणारा लाभ मुख्यतः मालकाचा आहे. गैरसोय मात्र सहकाऱ्यांच्या वाट्यास येऊ शकते. मांजराच्या लाळेतील व त्वचेतील ॲलर्जीकारक प्रथिने कपड्यांवरूनही पसरतात. भारतात रेबीजचा धोका वास्तव असल्याने कुत्र्याविषयीच्या भीतीला केवळ मनाचा दुबळेपणा म्हणता येत नाही.
याहून सूक्ष्म प्रश्न अधिकारश्रेणीचा आहे. विभागप्रमुखाने कुत्रा आणल्यास कनिष्ठ सहकारी उघड आक्षेप घेईल, ही शक्यता कमी. प्राण्याने केलेली घाण शेवटी कोण साफ करणार? बहुधा सफाई कर्मचारी, ज्याचे मत कोणी विचारलेलेच नसते. अशा वातावरणातील मौनाला संमती मानता येत नाही.
प्राण्याचे हितही दुर्लक्षून चालणार नाही. अनोळखी माणसांच्या वर्दळीत दिवसभर बांधून राहणे प्रत्येक प्राण्यास मानवतेच असे नाही.

आवश्यक अटी
म्हणून परवानगीपूर्वी सर्व स्तरांतील कर्मचाऱ्यांचे मत नाव गुप्त ठेवून घ्यावे. अॅलर्जी वा भीती असणाऱ्या एकाही व्यक्तीचा आक्षेप बहुमताने बाजूस सारू नये. लसीकरणाचा अद्ययावत दाखला, प्राणीमुक्त कक्ष, स्वच्छतेची व नुकसानीची मालकावर लेखी जबाबदारी आणि ठरावीक काळानंतर फेरविचार या बाबी नियमावलीत असाव्यात. दृष्टिहीन व्यक्तीचा मार्गदर्शक श्वान हा मात्र पाळीव प्राण्यांच्या वर्गात मोडत नाही. तो त्या व्यक्तीच्या वावरण्याचे साधन असल्याने त्याचा विचार सवलत म्हणून नव्हे, तर सुगम्यतेच्या दृष्टीने व्हावयास हवा.

निष्कर्ष
कामाच्या ठिकाणी प्राणी असावा की नसावा, याचे एकच उत्तर संभवत नाही. ज्या संस्थेत सर्वांत कनिष्ठ कर्मचारी निर्भयपणे 'नको' म्हणू शकतो, तेथेच इतरांच्या 'हो'ला अर्थ प्राप्त होतो. महाविद्यालयांसारख्या श्रेणीबद्ध संस्थांनी प्राण्यांविषयीच्या नियमांपूर्वी या निर्भयतेची खातरजमा करणे अधिक आवश्यक आहे.