टाके सुकले, तरी डोकं दुखतंच आहे

मागच्या वर्षी आमच्या आपांचं कंबरेचं ऑपरेशन झालं. चकती सरकून नस दबली होती. कोंढव्यातल्या घराचे दोन जिने उतरणंही त्यांना अवघड झालं होतं. ऑपरेशननंतर पायातली कळ गेली. आम्ही सगळ्यांनी अल्लाहचे आभार मानले. आपा घरी आल्या आणि दुसऱ्याच दिवशी डोकं दुखायला लागलं.

मग आपल्याकडे घराघरांत होतं तेच झालं. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, अशक्तपणा आहे, यखनी द्या. शेजारच्या खाला म्हणाल्या, नजर लागली. भाचा मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी घेऊन आला. असे दहा दिवस गेले.

एक गोष्ट सगळ्यांना दिसत होती, पण तिचा अर्थ कुणी लावला नाही. आपा आडव्या असल्या की हसत-बोलत. उठून बसल्या की दहा-पंधरा मिनिटांत मानेच्या वरून कळ, मळमळ, कानात दडे बसल्यासारखं. पुन्हा आडव्या झाल्या की सगळं शांत. टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘झोपल्यावर कसं वाटतं?’ आम्ही एकमेकांकडे पाहिलं. घरात दोन शिक्षक असून हा साधा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता!

मेंदू आणि मज्जारज्जू एका पाण्यासारख्या द्रवात असतात. मोठ्या माणसात हा द्रव साधारण 150 मिलीलीटर असतो आणि शरीर तो सतत नव्याने तयार करतं. त्याला धरून ठेवणारं आवरण चकतीला अगदी लागून असतं. ऑपरेशनमध्ये कधीकधी त्याला बारीक चीर जाते. हा माहीत असलेला धोका आहे, दरवेळी हलगर्जीपणाच असतो असं नाही. चिरेतून द्रव झिरपला की माणूस उभा राहिल्यावर मेंदू किंचित खाली ओढला जातो आणि डोकं ठणकतं.

हे दुखणं डॉक्टरांना शंभर वर्षांहून जुनं ठाऊक आहे. 1898 मध्ये जर्मनीतल्या ऑगस्ट बिअर या सर्जननी कंबरेत सुई घालून भूल देण्याचा प्रयोग स्वतःवर करून घेतला. द्रव गळला आणि पुढचे नऊ दिवस त्यांना अंथरुणात काढावे लागले. उठलं की डोकं दुखे, पडलं की थांबे.

पुष्कळदा चीर आपोआप भरते. तोवर आडवं पडणं, भरपूर पाणी, थोडा चहा-कॉफी यांनी आराम पडतो. नाही भरली तर रुग्णाचंच थोडं रक्त काढून मणक्याजवळ टोचतात. ते गोठून भोक बुजवतं. मोठी चीर असेल तर पुन्हा टाके घालावे लागतात. आपांच्या एमआरआयमध्ये जखमेखाली द्रव साठलेला दिसला आणि त्यांना टाकेच घालावे लागले. त्या दिवसांत त्यांचा जीव नमाजेसाठी तुटायचा. आजाऱ्याला पडल्या-पडल्या इशाऱ्यानं नमाज अदा करण्याची मुभा आहे, हे मौलानांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा कुठे त्या निवांत झाल्या.

डोकेदुखीबरोबर ताप, ताठ मान, जखमेतून पाण्यासारखा स्राव, वारंवार उलटी, एकाचे दोन दिसणं, गुंगी, पायातली ताकद जाणं किंवा लघवी अडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. आडवं पडून थांबणारं दुखणं अचानक थांबेनासं झालं तरीही लगेच दवाखाना गाठा.

आपांची गोष्ट मात्र इथे संपली नाही. तीन-चार महिन्यांनी डोकं पुन्हा रोज दुखू लागलं, आणि आता आडवं पडूनही फरक पडेना. आम्ही घाबरलो. कारण निघालं ती भाच्याची पट्टी! आपांना तरुणपणापासून अर्धशिशी. दुखेल या धास्तीनं त्या जवळपास रोज गोळी घेत होत्या. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी 10 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळीच डोकेदुखी वाढवते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती बंद केली. पहिला आठवडा वाईट गेला. आपा कुणाशी धड बोलत नव्हत्या.

ज्यांचं मानेच्या चकतीचं ऑपरेशन झालं आहे, त्यांचं दुखणं मानेतून वर डोक्यात चढतं आणि मान वळवली की वाढतं. तिथे फिजिओथेरपी, उशीची उंची, मोबाइलवर वाकून बसणं हे पाहावं लागतं. पेपर तपासणाऱ्या आम्हा शिक्षकांनी तर विशेषच.

आता आपांच्या उशाशी शाळेची शंभर पानी वही आहे. त्यात चार रकाने: दुखणं कधी सुरू झालं, तेव्हा उभ्या की आडव्या, किती वेळ, कोणती गोळी. दर भेटीला डॉक्टर आधी वही मागतात. मागच्या महिन्यात गोळीच्या रकान्यात दोनच खुणा होत्या.