बक्षिसाच्या पाकिटाची पारख

टपालाने येणारी बक्षिसाची फसवणूक ठरलेल्या क्रमाने चालते. आधी मोठी रक्कम किंवा मोटार लागल्याचे कळवले जाते. मग ती हाती पडावी म्हणून त्यामानाने किरकोळ रक्कम भरायला सांगतात. ती भरली की दुसरी मागणी येते, दुसरीमागून तिसरी. बक्षीस मात्र कधीच येत नाही. पाकिटावरची नावे, फोन नंबर आणि बक्षिसे सतत बदलतात, पण हा क्रम बदलत नाही. तो एकदा लक्षात आला की कोणत्याही नव्या वेषातली फसवणूक ओळखता येते.

व्हीपीपासून स्क्रॅच कूपनपर्यंत

या धंद्याचे जुने रूप व्हीपीचे, म्हणजे पोस्टात पैसे भरून सोडवायच्या पार्सलचे. हिंदी वर्तमानपत्रांत आणि मासिकांत छोट्या जाहिराती येत: नऊ घरांचा चौकोन असा भरा की उभी, आडवी आणि तिरपी बेरीज १५ यावी, आणि ट्रान्झिस्टर किंवा घड्याळ जिंका. कोडे शाळकरी मुलाला सुटेल इतके सोपे असे, कारण प्रत्येकाने जिंकावे हीच जाहिरातदाराची गरज होती. उत्तर पाठवणाऱ्याला तो विजेता ठरल्याचे पत्र जाई आणि मागोमाग व्हीपीचे पार्सल येई. पैसे मोजल्याशिवाय ते ताब्यात मिळत नसे, आणि ताब्यात आल्याशिवाय फोडता येत नसे. आत टाकाऊ वस्तू निघाली तरी पैसे गेलेले असत. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील कतरीसराय हे ठिकाण अशा टपाली फसवणुकीसाठी कुप्रसिद्ध झाले. पांढऱ्या डागांवरच्या औषधांपासून बक्षिसाच्या कूपनांपर्यंत अनेक जाळी तिथून टाकली गेली.

आजचे रूप स्क्रॅच कूपनचे आहे. नापतोल, स्नॅपडील यांसारख्या घरपोच माल विकणाऱ्या कंपन्यांची नावे आणि चिन्हे चोरून ही पाकिटे पाठवली जातात. आमच्या नावाने येणाऱ्या अशा बक्षिसांवर विश्वास ठेवू नका, असा इशारा या कंपन्यांनी स्वतःच ग्राहकांना दिला आहे. याच खेळाची मोबाइलवरची आवृत्ती म्हणजे ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने येणारा २५ लाखांच्या लॉटरीचा संदेश. त्यातले कित्येक नंबर ९२ या पाकिस्तानच्या संकेतांकाने सुरू होत असल्याचे पोलिसांनी वेळोवेळी सांगितले आहे.

गोंदियासारख्या जिल्ह्यात

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा आठ तालुक्यांचा आहे आणि त्याचे अर्थकारण मुख्यतः धानावर उभे आहे. शेतकऱ्याच्या हाती पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. धान विकून चुकारा खात्यात पडला की तो एकदम येतो. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गावाला मोठी दुकाने लांब पडतात, त्यामुळे टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहून वस्तू मागवणे सोयीचे ठरते. मग ‘आपण आमच्याकडे खरेदी केली होती, त्याच ग्राहकांतून आपला नंबर निघाला’ हे वाक्य खरे वाटते, कारण त्याचा पहिला अर्धा भाग खरा असतो. बालाघाट आणि राजनांदगावच्या शेजारामुळे इथे हिंदी रोजच्या वापरात आहे. हिंदीतले पत्र किंवा फोन इथे परका वाटत नाही आणि बोलणाऱ्यावर संशयही येत नाही.

आधी जिंकल्याचे दाखवायचे आणि मग काढून घ्यायचे, या युक्तीला सुशिक्षित आणि पैसेवाला माणूसही बळी पडू शकतो. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियातील एका बुकीच्या घरावर छापा घालून कोट्यवधींची रोकड आणि सोने जप्त केले. बनावट ऑनलाइन गेमिंग ॲपमध्ये सुरुवातीला जिंकल्याचे दिसले आणि पुढे सुमारे ५८ कोटी रुपये गेले, असा आरोप नागपूरच्या एका व्यावसायिकाने केला होता. इथे टपाल नव्हते आणि रकमाही फार मोठ्या होत्या, पण आमिषाची रीत तीच.

पाकीट उघडल्यावर

स्क्रॅच कूपनच्या पाकिटात सहसा तीन कागद असतात. पहिले अभिनंदनाचे पत्र: वर कंपनीचे चिन्ह, खाली गोल शिक्का, ‘व्यवस्थापक’ अशी सही आणि ‘हेल्पलाइन’ म्हणून मोबाइल नंबर. दुसरे गुळगुळीत कूपन: नाण्याने खरवडले की चंदेरी पट्टीखालून मोटारीचे नाव निघते. तिसरा फॉर्म: त्यात खाते क्रमांक, आयएफएससी कोड, आधार आणि पॅन मागितलेले असतात. मोटार नको असेल तर तिच्या किमतीएवढी रोख रक्कम घ्या, अशीही सोय दिलेली असते.

प्रत्येक पाकिटातून पहिलेच बक्षीस निघते, पण घेणाऱ्याला आपले एकच पाकीट दिसते. नंबरवर फोन केला की हिशेब सुरू होतो. समजा मोटारीची किंमत १२ लाख ८० हजार सांगितली. नोंदणी म्हणून तिचा एक टक्का, म्हणजे १२,८०० रुपये मागतात. ते भरले की जीएसटी, मग विमा, आरटीओ, बँकेचा ‘फाइल चार्ज’. आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. पहिल्या हप्त्यापेक्षा नंतरचे हप्ते मोठे असतात ते याचमुळे.

धोक्याच्या खुणा

सर्वांत पक्की खूण म्हणजे बक्षीस देण्याआधी पैशांची मागणी. शुल्काला नाव कोणतेही असो, मागणी आली की पत्र खोटे समजावे.

दुसरी खूण पैसे कुठे भरायचे याची. नामांकित कंपनीच्या बक्षिसाचा ‘कर’ एखाद्या व्यक्तीच्या बचत खात्यात, यूपीआय नंबरवर किंवा क्यूआर कोडवर मागितला जात असेल तर फसवणुकीबद्दल शंकाच उरत नाही. अशी खाती अनेकदा गरजू लोकांकडून भाड्याने घेतलेली असतात. थोड्या पैशांसाठी आपले खाते वापरायला देणाऱ्याच्या दारातही पुढे पोलिस येतात.

तिसरी खूण करासंबंधीची, आणि इथेच पुष्कळ जण फसतात, कारण बक्षिसावर कर लागतो हे खरे आहे. लॉटरी आणि बक्षिसांच्या रकमेवर ३० टक्के दराने आयकर आकारला जातो. मात्र रोख बक्षिसातून तो देणाऱ्यानेच कापून सरकारकडे भरायचा असतो आणि उरलेली रक्कम विजेत्याला द्यायची असते. मोटारीसारख्या वस्तूच्या बाबतीत ती ताब्यात देण्यापूर्वी कर भरला गेल्याची खात्री देणाऱ्याला करावी लागते. तेव्हाही कर विजेत्याच्या पॅनवर सरकारी तिजोरीत जातो आणि त्याची नोंद आयकराच्या संकेतस्थळावर पाहता येते. फोनवरच्या माणसाच्या खात्यात तो कधीच जात नाही.

चौथी खूण न घेतलेल्या तिकिटाची. १९९८ च्या कायद्यानुसार लॉटरी चालवण्याचा अधिकार राज्य सरकारांनाच आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून सुरू आहे आणि तिचे छापील तिकीट विकत घ्यावे लागते. तिकीट न घेता लॉटरी लागत नाही. परदेशी लॉटरीच्या पत्रांना तर दुहेरी नकार द्यावा, कारण अशा लॉटरीसाठी देशाबाहेर पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांनी बंदी आहे. रिझर्व्ह बँकेने मे २०१० मध्ये बँकांनाही याची स्पष्ट आठवण करून दिली होती. रिझर्व्ह बँक सामान्य माणसांची खाती ठेवत नाही, त्यामुळे ‘तुमची रक्कम रिझर्व्ह बँकेत जमा आहे’ असे सांगणारे पत्र खोटेच असते.

पाचवी खूण कागदावरच सापडते. कंपनीचा पत्ता मुंबईचा आणि पोस्टाचा शिक्का कोलकात्याचा, कंपनीच्या नावात एखादे अक्षर कमी-जास्त, हेल्पलाइन म्हणून साधा मोबाइल नंबर, भाषा ओबडधोबड. याच्या जोडीला घाई आणि गुप्तता असते: ‘आज संध्याकाळपर्यंत पैसे भरा’, ‘कुणाला सांगू नका’. शेजाऱ्याशी किंवा मुलाशी बोलल्यावर माणूस भानावर येईल, याच भीतीने ही अट घातलेली असते.

काही गोष्टी पुरावा वाटतात, पण त्या पुरावा नाहीत. पत्रावर नाव, पत्ता, मोबाइल बरोबर असणे हा त्यांपैकी पहिला भास. ही माहिती जुन्या ऑर्डरींच्या याद्यांतून किंवा पार्सलवरच्या चिठ्ठ्यांवरून बाहेर जाऊ शकते. पत्र स्पीड पोस्टाने आले, यावरून पाठवणाऱ्याने टपालखर्च भरला एवढेच कळते. पोस्टमनने ते हाती दिले म्हणून टपाल खात्याने त्याची खातरजमा केलेली नसते. होलोग्राम, शिक्के आणि व्हॉट्सॲपवर आलेले ओळखपत्र कोणत्याही छापखान्यात किंवा संगणकावर तयार होते.

पाकीट आल्यावर काय करावे

पत्रातल्या नंबरवर फोन करू नये. कंपनीची अधिकृत वेबसाइट किंवा जुन्या पक्क्या बिलावरचा नंबर शोधून तिथे विचारावे. फॉर्म भरून पाठवू नये, कारण पैसे दिले नाहीत तरी आधार आणि खात्याची माहिती पुढच्या फसवणुकीला उपयोगी पडते. ओटीपी किंवा यूपीआय पिन कुणालाही सांगू नये. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. कूपन, पत्र आणि विशेषतः पाकीट जपून ठेवावे. स्पीड पोस्टच्या पाकिटावर १३ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो टपाल खात्याच्या वेबसाइटवर टाकला की पत्र कोणत्या कार्यालयातून निघाले ते कळते, आणि पोलिसांना तपासाचा पहिला धागा मिळतो.

पैसे गेले असतील तर एकेक तास मोलाचा आहे. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे समोरच्या खात्यातून पुढे गेले नसतील तर ते गोठवता येतात. आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवावे आणि व्यवहाराचा क्रमांक, फोन नंबर, संदेश घेऊन जवळच्या पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक हा गुन्हा आहे. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असे वाटले तरी कोणत्याही ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते.

एकदा फसलेल्या माणसाला काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो: बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त थोडे शुल्क भरा. वकील, बँक अधिकारी किंवा पोलिस असल्याची बतावणी करणारे हे लोक बहुधा त्याच टोळीचे असतात, नाहीतर तिच्याकडून नावांची यादी घेतलेले. फसलेल्याने लाजेपोटी घरात काही सांगितलेले नसते, याचाच ते फायदा घेतात. म्हणून अशा माणसाला घरच्यांनी दोष देऊ नये. तो वेळेवर बोलला तर पैसे वाचण्याची शक्यता राहते, आणि त्याच्या तक्रारीमुळे तेच खाते, तोच नंबर दुसऱ्या कुणाला फसवण्याआधी बंद करता येतो.