क्रेऑनला सगळं ठाऊक होतं

सोफोक्लीसच्या 'अँटिगनी'त थीब्झचा नवा राजा क्रेऑन पहिल्यांदा रंगमंचावर येतो आणि बोलू लागतो, तेव्हा आपण चक्रावतो. वाईट राजा म्हणून ज्याचं नाव ऐकलेलं असतं, तो चांगल्या राज्यकारभाराचा वस्तुपाठच देत असतो! हाती सत्ता आल्याशिवाय माणूस ओळखता येत नाही, उत्तम सल्ला न मानता भीतीपोटी तोंड मिटून बसणारा कारभारी सर्वांत नीच, देशापेक्षा सगासोयरा मोठा मानणारा कवडीमोल. बोट ठेवायला जागा नाही.

भाषण इतकं चोख की जवळपास शंभर वर्षांनी, इ.स.पू. ३४३ मध्ये, वक्ता डिमॉस्थेनीसनं त्यातल्या ओळी अथेन्सच्या न्यायालयात वाचायला लावल्या. प्रतिवादी एस्किनीस पूर्वी नट होता आणि त्यानं क्रेऑनचं काम अनेकदा केलेलं होतं. ओळी तोंडपाठ, पण देशाचा राजदूत म्हणून जाताना विसरलास, असा तो टोला.

खुद्द क्रेऑनही विसरतोच. बंडखोर भाच्याच्या प्रेताला माती द्यायची नाही, असा त्याचा हुकूम. भाची अँटिगनी तो मोडते, आणि मामा तिला जिवंतपणी दगडी गुहेत कोंडतो. ती त्याच्या मुलाची, हीमनची, वाग्दत्त वधू. हीमन बापाशी आधी अगदी अदबीनं बोलतो. तुमच्यासमोर बोलायची कुणाची छाती नाही, पण गाव अंधारात कुजबुजतंय आणि ते माझ्या कानावर येतं, असं सांगतो. बाप उसळतो: पोरानं मला शिकवायचं? राज्य कसं करायचं ते गावानं सांगायचं? गाव राजाच्याच मालकीचं, हेही तो बोलून जातो. मग ओसाड रानावर एकट्यानं खुशाल राज्य करा, असं पोरगा सुनावतो.

आणखी एक खोड पाहा. प्रेतावर कुणीतरी माती टाकली, ही बातमी आणणारा पहारेकरी पैसे खाल्लेला. देव कोपलेत असं सांगणारा आंधळा द्रष्टा टायरेसियसही पैशाला विकला गेलेला. नको ते बोलेल तो विकाऊ! हा आरोप आपल्याला अनोळखी वाटू नये.

मला सगळ्यात थक्क करते ती शेवटची घाई. द्रष्ट्याच्या भाकितानं क्रेऑन हादरतो आणि गावच्या वृद्धांना विचारतो, आता काय करू? आधी मुलीला सोडवा, मग प्रेताला मूठमाती द्या, असं ते सांगतात. या खेपेला तो ऐकतो, पण क्रम उलटा करतो! आधी प्रेताला अंघोळ, अग्नी, वर मातीचा ढिगारा, मग गुहा. तोवर अँटिगनीनं गळफास घेतलेला असतो. हीमन बापावर तलवार उगारतो, वार चुकतो, तीच तो स्वतःत खुपसतो. हे कळल्यावर राणीही जीव देते.

क्रेऑन क्रूरकर्मा नाही. राजधर्माची व्याख्या त्याला बिनचूक येते. फक्त ती त्यानं इतरांना लावायला राखून ठेवलेली असते. सोफोक्लीसनं स्वतःही सत्ता आतून पाहिली. 'अँटिगनी' इ.स.पू. ४४१ च्या सुमारास आलं असं मानतात, आणि त्याच सुमारास अथेन्सनं त्याला दहा सेनापतींपैकी एक म्हणून निवडून दिलं. हे पद त्याला या नाटकामुळेच मिळालं, असं प्राचीन काळापासून सांगितलं जातं.