प्रगत सिरॅमिकमधील दोष आणि चूर्णाची गुणवत्ता

विदर्भातील कुंभार माती चाळून घेतो ते उगाच नव्हे. मातीत चुनखडीचा खडा राहिल्यास भाजल्यानंतर तो हवेतील ओल शोषून फुगतो व भांड्याचा टवका उडतो. ॲल्युमिना, झिरकोनिया यांसारख्या प्रगत सिरॅमिकमध्ये हाच प्रश्न मायक्रॉनच्या मापात उद्भवतो. हे पदार्थ धातूप्रमाणे वाकत नाहीत, एकदम तुटतात. ग्रिफिथ यांनी १९२० मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार ठिसूळ पदार्थाचे बळ दोषाच्या लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. दोष चौपट झाला की बळ निम्मे होते. त्यामुळे वस्तूचे बळ तिच्यातील सर्वांत घातक दोषावरून ठरते आणि हा दोष बहुधा भट्टीपूर्वीच चूर्णात दडलेला असतो.

यात सर्वांत उपद्रवी म्हणजे कठीण गुठळी. ती भोवतालच्या चूर्णापेक्षा वेगळ्या प्रमाणात आकसते, परिणामी तिच्याभोवती भेगेसारखी पोकळी पडते. धागा किंवा केस जळून गेला की त्याच्याच आकाराचे छिद्र मागे राहते. चूर्ण अधिक बारीक केले की प्रश्न सुटेल, हा समज मात्र अपुरा आहे; कण जितके सूक्ष्म तितके ते परस्परांना अधिक चिकटतात. दळणाने गुठळ्या फुटतात, पण गोळ्यांची झीज चूर्णात मिसळते. म्हणून शक्यतो त्याच पदार्थाचे गोळे वापरतात. ॲल्युमिनाचे कण पाण्यात आम्ल घालून विलग ठेवता येतात, कारण त्यांच्यावर समान विद्युत्भार येतो.

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. अणुइंधनाच्या ऑक्साइड गोळ्याही सिरॅमिकच होत. किरणोत्सारी चूर्णाची धूळ टाळण्यासाठी तेथे सोल-जेल पद्धतीने सूक्ष्म गोलक तयार करून ते दाबण्याची प्रक्रिया विकसित करण्यात आली. गोलक सहज ओततात, धूळ उडत नाही. परंतु ते कठीण असल्यास दाबाखाली फुटत नाहीत. भाजलेल्या गोळीत त्यांच्या सीमा व मधली छिद्रे जशीच्या तशी उरतात. यावर उपाय म्हणून द्रावणात काजळी मिसळण्यात आली. पुढे तापवताना ती जळून जाते, गोलक सच्छिद्र व मऊ होतात आणि दाबाखाली पूर्णपणे चिरडले जातात. येथे हेतुपुरस्सर निर्माण केलेली छिद्रेच अंतिम गोळीतील छिद्रे टाळतात.