रेझ्युमेचं लॉगबुक

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर पायलट घडतात. ट्रेनीच्या लॉगबुकात इन्स्ट्रक्टरसोबतचे तास वेगळे, एकट्याने उडवलेले वेगळे. कमर्शियल लायसन्सला किमान २०० तास लागतात आणि त्यात थाप चालत नाही. २०११ मध्ये देशात बनावट मार्कशीटवर लायसन्स मिळवलेल्या पायलटांना अटक झाली होती.

आपल्या पोर्टफोलिओत मात्र बिनधास्त लिहिलेलं असतं, ‘संपूर्ण अ‍ॅप मी बनवलं’! पाच जणांच्या टीममध्ये तुम्ही फक्त लॉगिन स्क्रीन केली? मग तेवढंच लिहा. ट्यूटोरियल बघून केलेला प्रोजेक्ट? तसं सांगा. गिटच्या हिस्टरीत कुणी काय केलं ते दिसतं, बॉस! आणि इंटरव्ह्यूत ‘हे असंच का केलंत?’ विचारलं की उसनं काम उघडं पडतं. शिकाऊ तासांची लाज कसली? प्रत्येक कॅप्टनने ते भरलेत.