मडक्यात मावणारं वीजघर
तलावाच्या तळाशी साचलेल्या काळ्या, चिकट गाळात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. मग तिथले जिवाणू श्वास कसा घेतात? काही जण चक्क गंजावर! अन्न पचवताना सुटलेले इलेक्ट्रॉन आपण ऑक्सिजनच्या हवाली करतो. जिओबॅक्टर नावाचा जिवाणू ते लोहखनिजाला देऊन मोकळा होतो. त्यासाठी तो अंगातून प्रथिनांच्या तारा बाहेर काढतो. येल विद्यापीठात निखिल मालवणकर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली अशा तारेची रचना उलगडली. आत काय निघालं? एकाला एक लागून बसलेले हीमचे रेणू. आपलं रक्त ऑक्सिजन वाहतं, तेही लोह असलेल्या हीमच्याच जोरावर!

आता लोहखनिजाच्या जागी कार्बनचा तुकडा ठेवा, दुसरा तुकडा हवेच्या बाजूला, आणि दोन्ही तारेने जोडा. जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात आणि तारेतून वीज वाहते. हा झाला जिवाणूंचा विद्युत घट. जिवाणूंपासून वीज मिळते, हे इंग्लंडमध्ये एम. सी. पॉटर यांनी १९११ सालीच दाखवलं होतं.

मग साखर कारखान्याच्या सांडपाण्यासाठी एक भलीमोठी टाकी बांधली की झालं? तिथेच घोडं अडतं. वीज देणारे जिवाणू कार्बनला चिकटून बसतात. मधलं पाणी नुसतंच पडून राहतं. इलेक्ट्रॉन तारेतून सुटतात, पण त्यांच्यासोबत सुटलेल्या प्रोटॉनना पाण्यातूनच वाट काढावी लागते. अंतर वाढलं की रोध वाढतो, वीज घटते. म्हणून मोठं काम करायचं तर घट लहान हवेत आणि पुष्कळ हवेत. एक घट साधारण अर्धा व्होल्ट देतो, म्हणून ते एकसर जोडायचे. पण एखाद्याचं अन्न संपलं, की बाकीचे त्याचे ध्रुवच उलटे करून टाकतात!

घटाचे सांडपाण्याकडचा आणि हवेकडचा असे दोन कप्पे वेगळे ठेवणारा, पण प्रोटॉनना जाऊ देणारा पडदा तर फारच महाग. आयआयटी खरगपूरमध्ये मकरंद घांगरेकर यांच्या गटाने त्याऐवजी काय वापरलं? कुंभाराचं मडकं! माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं; तसल्याच बारीक छिद्रांतून प्रोटॉन पलीकडे जातात. भातगिरणीच्या सांडपाण्यावरच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मडक्याने घनमीटरला २.३ वॅट दिले, महागड्या पडद्याने ०.५३.

म्हणजे हजार लिटरमागे एक छोटा एलईडी दिवा. सोलापूरचे माग यावर चालणार नाहीत. पण सांडपाणी शुद्ध करताना त्यात हवा सोडायलाच भरपूर वीज जाते. हा घट तो खर्च वाचवून वर थोडी वीज देतो. मला यातच त्याचं मोल दिसतं.

सोलापुरातल्या विज्ञानशिक्षकांनी हे मुलांना करून दाखवावंच. मडक्यात गाळ, बाहेर पाणी, दोन्हीकडे ग्रॅफाइटची एकेक कांडी आणि एक मल्टिमीटर. जिवाणूंना जम बसवायला काही दिवस द्या, आणि रोज आकडा टिपून ठेवा.