आईचा आमवात मुलांना होतोच का?

‘आईला आमवात आहे, म्हणजे आम्हालाही होणार?’ मँचेस्टरमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना आपल्या मंडळींकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. माझी आईही याच दुखण्याने बेजार आहे, त्यामुळे तो माझाही प्रश्न आहे.

आमवात काही अंशी आनुवंशिक आहे, हे खरं. पण १९९३ साली ब्रिटनमधल्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला आमवात असला, तरी दुसऱ्याला तो सुमारे १५ टक्के जोड्यांतच आढळला. जनुकं तीच, मग फरक कशाने? एक कारण म्हणजे जनुकांवरच्या रासायनिक खुणा. कुठलं जनुक किती काम करणार, हे ठरण्यात त्यांचा वाटा असतो. आमवातात सांध्याच्या अस्तरातल्या पेशींमध्ये या खुणा बदललेल्या दिसतात, सूज वाढवणारी जनुकं जोरात चालतात. धूम्रपानानेही शरीरातल्या अशा खुणा बदलतात आणि आमवाताचा धोका वाढतो. दिलासा हा, की सिगारेट सोडल्यावर त्यातल्या बऱ्याच हळूहळू पूर्वपदावर येतात.

तेव्हा घरात आमवात असेल तर घाबरू नका, पण सिगारेट सोडाच. आणि सकाळी बोटं अर्ध्या तासाहून जास्त आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर नुसतं तेल चोळत बसू नका. तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. औषध वेळेत सुरू झालं तर सांधे वाचतात.